डेमोत कट केलेला आईचा फोन

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये.

माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग मी स्वतः, त्याच्या शेजारी बसून, माझ्या कानांनी ऐकलाय.

ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मलाही पटलं नसतं.

मी तेजल. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. घरात आम्ही तिघं होतो... आई चंपा, मोठा भाऊ प्रितम आणि मी. बाबा मी सातवीत असतानाच गेले. आमच्या घरात भूतबित, उतारे, लिंबू-मिरची कधी शिरलं नाही. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. "बुद्धीला पटेल तेवढंच धरायचं," हे बाबांचं वाक्य. त्यामुळे हे लिहिताना मला लाजही वाटतेय.

दादा मुलुंडला एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात कामाला आहे. गाडीत टचस्क्रीन बसवायची आणि गिऱ्हाइकाचा फोन तिला जोडून द्यायचा. मग मॅप, गाणी, कॉल, सगळं समोरच्या स्क्रीनवर दिसतं. फिटिंग झालं की दादा गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एक चक्कर मारतो. आधी स्वतःचाच फोन जोडतो आणि सगळं करून दाखवतो. त्याला ते डेमो म्हणतात.

१४ मार्च २०२४. गुरुवार.

त्या दिवशी दुपारी आई घरी एकटी होती. मी घाटकोपरला लॅबमध्ये. आमचे फोन ड्युटीवर लॉकरमध्ये ठेवावे लागतात. आईला ते माहीत होतं. म्हणून तिनं दादाला फोन केला.

चार वाजून दहा मिनिटांनी एकदा.

चार बाराला परत एकदा.

दादानं पाच वाजता फोन लावला. तिनं उचलला नाही. साडेपाचला समोरच्या शीतल वहिनी डोकावल्या, तेव्हा आई पलंगावर पडलेली होती. हार्ट ॲटॅक. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असेल.

"मी गाडी चालवत होतो," एवढंच दादा सगळ्यांना सांगत राहिला. आईच्या जलदान विधीला आलेल्या प्रत्येकाला. कुणी विचारलं नाही तरी.

पंधरा दिवसांनी तो कामावर गेला.

पहिल्याच आठवड्यात एका डॉक्टर बाईंच्या गाडीचं फिटिंग होतं. एलबीएस रोडवर डेमो चालू होता. दादाचा फोन केबलनं जोडलेला. स्क्रीनवर मॅप.

एकदम मॅप बाजूला सरकला...

आणि रिंग वाजायला लागली.

स्क्रीनवर नाव होतं... आई.

दादानं खाली फोनकडे बघितलं. फोन काळा होता. वाजत नव्हता, थरथरत नव्हता. फक्त गाडी वाजत होती.

त्या बाई सहज म्हणाल्या, "तुमच्या आईचा फोन आहे. घ्या ना."

दादाचा हात स्टिअरिंगवरून हललाच नाही. रिंग वाजून वाजून थांबली.

घड्याळात चार दहा.

त्याला वाटलं, फोनमधलं जुनं काहीतरी अडकलं असेल. त्यानं केबल बदलली. दुसऱ्या दिवशी गाडी दुसरी, स्क्रीन दुसरी. तरी चार दहाला... आई.

मग त्यानं कॉन्टॅक्टमधून आईचं नाव काढलं. काळजावर दगड ठेवून काढलं, असं मला नंतर म्हणाला. पण स्क्रीनवर नाव आलंच. मग पूर्ण फोन रिसेट केला. काही उपयोग झाला नाही.

आईचा फोन आमच्या कपाटात होता, तिच्या साड्यांखाली. बॅटरी कधीच संपलेली. तिचं सिम मी स्वतः बंद केलं होतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका संध्याकाळी त्याच्या दुकानाचे मालक सुबोध सर घरी आले. आत न येता दारातच बोलले.

"तेजल, भावाला जरा बघ. चार वाजले की हा घाबराघुबरा होतो. काल गिऱ्हाईक आत बसलेलं असताना गाडीतून उतरून चालायला लागला. चांगला कारागीर आहे गं, त्याची अशी वाट लागलेली मला बघवत नाही."

रात्री जेवताना मी विचारलं. दादा ताटाकडे बघत बसला. मग सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसं.

मी म्हटलं, "तू थकलायस रे. झोप नाही तुला."

"तेजू, त्या बाईंनीपण वाचलं ना नाव."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "मी कुणालाच सांगितलं नाही."

"काय?"

"त्या दिवशी मी डेमो देत होतो. शेजारी गिऱ्हाईक. आईचा फोन आला स्क्रीनवर. आणि मी त्या माणसाला म्हटलं, बघा सर, चालवताना कॉल आला तर फोनला हात लावायची गरज नाही. स्टिअरिंगवरचं हे बटण दाबायचं. असा कट."

त्याचा अंगठा ताटाच्या कडेवर दाबला गेला होता.

"दोन मिनिटांनी परत आला. मी म्हटलं, आता दुसरं फीचर बघा. इथे टच केलं की समोरच्याला आपोआप मेसेज जातो. गाडी चालवतोय, नंतर फोन करतो. तो माणूस म्हणाला, अरे वा, झकास."



आई तिथे छाती धरून बसली होती. आणि हा तिचा फोन गिऱ्हाइकाला कट करून दाखवत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला.

"एवढे दिवस फोन येतोय. एकदा तरी उचल," मी म्हटलं.

"नाही उचलवत."

"मी बसते तुझ्याबरोबर."

सुबोध सरांनी त्यांची स्वतःची गाडी दिली. "काय ते एकदाचं बघून घे," एवढंच म्हणाले. मी हाफ डे टाकला. आम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडला, झाडाखाली गाडी लावली. लख्ख ऊन होतं. शेजारून रिक्षा जात होत्या. घाबरायचं काही कारणच नव्हतं.

दादानं फोन केबलला जोडला. मग पिन घेऊन सिम बाहेर काढलं.

"हे धर."

मी ते मुठीत घट्ट धरलं. फोनमध्ये सिमच नाही. आता कुठून येणार कॉल?

चार आठ.

चार नऊ.

दादानं एसी बंद केला. काच वर होती. बाहेरचा हायवे असूनही आत अगदी गप्प झालं. इतकं गप्प... की मला माझ्याच हातातल्या नाडीचं घड्याळासारखं टकटकणं ऐकू यायला लागलं.

चार दहा.

मॅप बाजूला सरकला...

आई.

मी हात पुढे केला, तर दादानं माझं मनगट धरलं.

"मी कट केला होता. मीच उचलणार."

त्यानं हिरवं बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग चारही स्पीकरमधून एक आवाज यायला लागला... टक्, टक्, टक्.

आमच्या घरातला पंखा. त्याचं एक पातं हलतं, वर्षानुवर्षं तसाच वाजतो. मी तो आवाज कुठेही ओळखेन.

मग बांगड्या.

मग श्वास. जड, तुटक.

"आई?" दादा ओरडला. "आई, मी आहे! बोल ना!"

तिला ऐकू जात नव्हतं. ती आमच्याशी बोलतच नव्हती.

"उचल ना रे बाबा..." ती पुटपुटली.

थोड्या वेळानं मेसेजची टिंग वाजली. आई मोठ्यानंच वाचायची, एकेक शब्द लावत. तशीच वाचायला लागली.

"गाडी... चालवतोय... नंतर... फोन करतो."

मग म्हणाली, "बरं बरं. चालव. नीट चालव."

दादानं डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

मला वाटलं, संपलं. मी कॉल बंद करायला बोट पुढे नेलं.

तेवढ्यात स्पीकरमधून कडी वाजली.

आमच्या दाराची कडी.

"कोण हाय?" आईनं विचारलं.



"मी गं. आलो."

तो दादाचा आवाज होता.

मी दादाकडे बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते. तो माझ्याकडे बघत होता. डोळे फाटलेले.

आतून कडी काढल्याचा आवाज आला. "आत्ता तर मेसेज केलास," आई म्हणाली. "गाडी चालवतोय म्हून."

"आलो ना."

"लई ऊन हाय रे भायेर. बस. च्या टाकते."

"तू नको उठूस. मी टाकतो."

लायटरचा आवाज आला. दोनदा. भांडं ठेवल्याचा आवाज. तो घरात चालत होता. पावलं ऐकू येत होती. घाई नव्हती त्याला. दादाला मी इतक्या हळू, इतक्या प्रेमानं बोलताना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

"लई दुखतंय रे."

"हो. मी बसलोय इथे."

"जाऊ नको."

"नाही जात."

पंखा वाजत राहिला. टक्, टक्.

मग आई म्हणाली, "हात किती थंड हाय तुझा..."

त्याचं उत्तर आलं नाही.

त्यानंतर फक्त श्वास. मध्ये मोठी जागा. परत श्वास. अजून मोठी जागा.

मग नुसता पंखा.

स्क्रीनवर कॉल संपला. मॅप परत आला. माझी मूठ उघडली तर सिमच्या कडा तळव्यात रुतल्या होत्या.

"तो मी नव्हतो, तेजू," दादा म्हणाला.

"माहितेय मला."

"मी मुलुंडला होतो. तो माणूस साक्षीला आहे. मी मुलुंडला होतो."

"माहितेय रे दादा."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

घरी आल्यावर मी सरळ शीतल वहिनींकडे गेले. विचारलं, "वहिनी, त्या दिवशी आमच्याकडे कुणी आलं होतं का?"

"नाही गं. मी पाहिलं नाही कुणाला."

"दार?"

"नुसतं लोटलेलं होतं. कडी नव्हती."

आई एकटी असली की कडी लावल्याशिवाय राहायची नाही.

"आणि ओट्यावर काही होतं?"

वहिनी जरा विचारात पडल्या. "चहाचे दोन कप होते. पलंगाशेजारी, स्टुलावर. लोक यायला लागले म्हणून मी उचलून विसळून टाकले. मला वाटलं, सकाळचे असतील."

"दोन्ही भरलेले?"

"एक भरलेला. साय धरलेली त्यावर. दुसरा कुणीतरी प्यायलेला होता."



त्या दिवसानंतर कॉल कधी आला नाही. दादा मात्र वाट बघतो. चार वाजले की कुठल्या तरी गाडीत बसतो, फोन जोडतो, चार अकरा होईपर्यंत थांबतो. सुबोध सर त्याला काही बोलत नाहीत.

मी एकदा म्हटलं, "सोड ना आता. आई एकटी नव्हती शेवटी, एवढं तर कळलं."

तो म्हणाला, "हो ना. तिच्याजवळ कुणीतरी गेलं. मी नाही गेलो."

ते जे कोण होतं, त्याचे आभार मानायचे की त्याला घाबरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आई ज्याचा हात धरून गेली तो आमचा कुणी होता का... की तिला न्यायलाच आला होता?

आता शेवटचं. हे मी दादाला सांगितलेलं नाही.

मागच्या महिन्यात, एका दुपारी, मी घरी एकटी होते. ताप होता म्हणून रजा घेतली होती. अंगातून वाफा निघत होत्या. उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं.

दाराची कडी वाजली.

"कोण?"

"मी गं. आलो."

दादाचाच आवाज. पण हळू. प्रेमानं.

मी पलंगावरूनच दादाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. आता तो कुठलाच फोन सोडत नाही. मागे हॉर्न वाजत होते. "मुलुंडला आहे," तो म्हणाला. "काय गं, जास्त वाटतंय का? येऊ?"

"नाही," मी म्हटलं. "सहज केला."

मी दार उघडलं नाही. अंगावरची चादर तोंडापर्यंत ओढून पडून राहिले. बाहेर बराच वेळ कुणीतरी उभं होतं. मग पावलं सावकाश जिना उतरून गेली.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

पण आता इतके दिवस झाल्यावर कधी कधी वाटतं... आईनं उघडलं होतं. तिची विचारपूस करायला भर उन्हातून तेवढं एकच कुणी आलं होतं, आणि मी त्याला दारातून परत पाठवलं.