दोन अंगठ्यांचा हातमोजा

"एकच मिळेल का?" त्यानं विचारलं.

मी मान वर न करताच म्हटलं, "जोडी आहे ती. एकेक नाही विकत मी."

त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलं होतं. सकाळी आमच्या लहानशा बंदरात पर्यटकांचं मोठं जहाज लागलं होतं आणि दुपारपर्यंत निम्मं जहाज माझ्या टेबलापुढून हसत गेलं होतं. हातमोज्याला दोन अंगठे! एक या बाजूला, एक त्या बाजूला! लोक ते हातात घालायचे, एकमेकांचे फोटो काढायचे आणि ठेवून द्यायचे. आता हा आणखी एक थट्टेखोर...

मग मी वर पाहिलं. पावसानं भिजलेले तांबूस केस, शांत करडे डोळे — आणि उजवी बाही पुढे दुमडून पिन लावलेली.

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई नेहमी म्हणायची. त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"माफ करा... मी पाहिलंच नाही."

"बरं झालं. बाकीचे सगळ्यात आधी तेच पाहतात." तो किंचित हसला. "मी कोल्बेन. धक्क्यावर बोटींचे दोर झेलून खांबाला बांधतो. दुकानदार मला जोडीच देतात, त्यामुळे घरी उजव्या हाताचे अकरा कोरे मोजे पडलेत. माझ्या उलटा माणूस ओळखीत असेल तर कळवा."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. "मी हेरदीस," मी म्हटलं. "आणि यात डावा-उजवा असा नसतोच. तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा. पाठ होती तिथे तळवा. म्हणून तर दुसरा अंगठा."

त्यानं मोजा दातांत धरून हातावर चढवला. घाई नव्हती त्याला. मी मात्र उगाच टेबलावरची लोकर आवरत बसले.

"मोठा होतोय."

"मोठाच विणायचा असतो. खाऱ्या पाण्यात भिजून काम केलं की आटतो. पंधरा दिवसांत तुमच्या हाताचा होईल."

"आणि नाही झाला तर?"

"तर परत या."

"आणि झाला तर?"

मी खाली बघत मोजा कागदात बांधला. "तरी या," माझ्या तोंडून निघून गेलं.

खरं तर मी तिथे किती दिवस असेन हे मलाच ठाऊक नव्हतं. बाबांच्या बोटीसाठी आई असेच मोजे विणायची. आई गेल्यावर तिच्या सुया माझ्याकडे आल्या आणि मी मासळीच्या कारखान्यातली नोकरी सोडली. स्वतःला एक उन्हाळा दिला होता. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणतात, तोवर जम बसला नाही तर गाव सोडून राजधानीत, रेक्याविकला बहिणीकडे जायचं. तिनं माझ्यासाठी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती.

गरजवंताला अक्कल नसते. जुलैत मी दुसरा अंगठा विणायचा सोडून दिला. पातळ लोकर घेतली, वर हिमफुलांची नक्षी घातली. थोडे खपलेही. पण विणताना आईची आठवण येईनाशी झाली, आणि ते मला फार लागलं.

कोल्बेन मात्र येत राहिला. कधी कॉफी घेऊन, कधी नुसताच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. ऑगस्टच्या एका दुपारी त्यानं नक्षीचा मोजा उचलला आणि तो गंभीर झाला.

"याचा दुसरा अंगठा कुठे गेला?"

"लोक हसतात."

"कुठले लोक? पर्यटकाचे हात गारठले तर तो खिशात घालतो, हेरदीस. दोर ओढताना आम्हाला खिसा नसतो." त्यानं आपला हात पुढे केला. त्यावरचा माझा मोजा आटून घट्ट झाला होता, फिरवून घातलेला होता, आणि तळव्याकडे आलेली बाजू अजून धड होती. "तुझं गिऱ्हाईक इथे नाही येणार. ते सकाळी पाचला मासळीच्या वजनकाट्यापाशी कॉफी पीत असतं. उद्या ये. जुने, बेढब, दोन अंगठ्यांचे घेऊन ये."

"आणि तेही हसले तर?"

"तर मी आहे ना... माझ्यावर ओरड. सुरुवात तशीच झाली होती आपली."

दुसऱ्या दिवशी मी गेले. इंगिमुन्दुर नावाच्या म्हाताऱ्या कप्तानानं माझा मोजा समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवला, पिळला, हातात घातला आणि उभा राहिला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ऊब धरतोय. एक दे."

"एकच?"

"माझा एकच वाहून गेलाय, पोरी. समुद्र काय जोडीनं नेतो?"

शेजारच्यानं तीन मागितले, त्याच्या मागच्यानं पाच. जोडी कोणीच मागितली नाही. अख्खा उन्हाळा मी चुकीच्या दारात उभी राहून चुकीच्या हिशेबानं विकत होते, आणि हे मला एका हाताच्या माणसानं पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

मेंढ्या खाली आल्या त्या दिवशी गावात गाणी चालली होती. मी बहिणीला फोन करून ती खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितली आणि धक्क्यावर गेले. कोल्बेन एकटाच बसला होता, पंजा नसलेला उजवा हात नेहमीसारखा कोटात लपवून.

"कधी निघतेस?" त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही निघत." मी पिशवीतून एक लहान विणकाम काढलं. आईच्या सुयांवरचं, सगळ्यात मऊ लोकरीचं. त्याला एकही अंगठा नव्हता. "हा विकायचा नाही. तुझा तो हात थंडीत दुखतो. तू सांगत नाहीस, पण मला दिसतं."

मग त्यानं हळूच कोटातून हात काढला आणि माझ्यापुढे धरला. अपघातात पंजा गेल्यापासून आठ वर्षं हा हात त्यानं कुणापुढे धरला नव्हता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. मी मोजा चढवला, नाडी बांधली.

"मोजा केव्हाच माझ्या हाताचा झाला होता," तो म्हणाला. "तरी येत होतो. मला तू आवडतेस, हेरदीस... फार आवडतेस."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि रडले.

तेवढ्यात इंगिमुन्दुरची बोट आली. कोल्बेननं खिशातून एक कोरा मोजा काढून मला दिला. त्या अकरांतला, उजव्या हाताचा. "ऑगस्टपासून खिशात घेऊन फिरतोय. माझ्या उलटा माणूस सापडला की द्यायचा होता."

मी तो घातला. दोर आला तेव्हा त्यानं डाव्या हातानं धरला आणि मी उजव्या हातानं.