पहिल्या जहाजाचा दोर

सुरंजना बडुआ चहात बेला बिस्किट बुडवत आपल्या जेट्टीवर उभी होती. ‘आपल्या’ हा शब्द तिने आज मनातल्या मनात मोकळेपणाने वापरला. कर्णफुली नदीच्या या वळणावर लांब जहाज लागूच शकत नाही, असं विलायती सल्लागार सांगून गेले होते. तिने शेडमध्ये नदीची वाळूची छोटी प्रतिकृती केली, तीत पाणी सोडून पाहिलं, त्यांना खोटं ठरवलं आणि ही जेट्टी बांधून घेतली. आज पहिलं जहाज येत होतं. भरती ओसरायच्या आत ते बांधलं गेलं नाही, तर ते परत फिरणार आणि सल्लागारच खरे ठरणार.

धुकं मात्र उठत नव्हतं.

“दोर झेलणारी माणसं कुठेत, चाचा?”

“गाडी पुलावर अडकलीय, दीदी.” फोरमन कबीलचाचा वैतागले होते. “पूर्वी बरं होतं. जहाज नदीतच बोयाला, त्या तरंगत्या पिंपाला बांधायचे, दोर सांपानवाले आपल्या होडीतून न्यायचे. त्यांना कुठली गाडी लागते?”

“आणि जहाज नि बोयाच्या मध्ये चिरडून मरायचे. ते थांबावं म्हणूनच बांधली ना ही जेट्टी?”

“तेही खरंच,” चाचा हळूच म्हणाले. “माझा थोरला पोरगा तसाच गेला.”

वायरलेस खरखरला. जहाज आत आणणारे पायलट दस्तगीर विचारत होते, “दीदी, पाणी उतरायला लागलंय. दोर टाकू की मागे फिरू?”

‘फिरा’ म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच जेट्टीच्या पलीकडच्या टोकाकडून, धुक्यातून, हाक आली.

“बदर, बदर!”

काम हाती घेताना चाटगावचे नावाडी बदर पीराला घालतात, तीच.

“घेतला दोर!” दस्तगीर ओरडले. “शाब्बास, पोरांनो!”

जहाजाची काळी भिंत धुक्यातून सरकत आली आणि रबरी गाद्यांना अलगद टेकली. कपातला चहासुद्धा हिंदकळला नाही. सुरंजना अभिमानाने चाचांकडे वळली.

“पोचली म्हणायची आपली माणसं!”

चाचांनी मान वळवली. ते मागे बघत होते. फाटकाकडून टोळी धापा टाकत येत होती.

“माफ करा दीदी, आत्ता सुटलो पुलावरून!”

दोघं टोकाशी गेली. दोर खुंट्याला पक्का आवळलेला होता. भोवतीच्या काँक्रीटवर दंवाचा पातळ थर होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

जहाजावरून दस्तगीर वाकले. “अहो दीदी, त्या पोरांना वर घ्या की! किती वेळ पाण्यात उभी राहतील?”

तिथला तळ तिनेच खोल खोदून घेतला होता. कुणाचे पाय टेकणं शक्य नव्हतं.

चाचांचे ओठ थोरल्याचं नाव पुटपुटत होते.

ती कडेशी गेली. खाली पाहिलं नाही.

“झालं काम,” ती म्हणाली. “या वर. जेट्टी तुमचीही आहे.”

लोखंडी शिडीची पाण्यालगतची पायरी कुरकुरली.

मग तिच्या वरची.