सतरा शेरे

लिफ्टचं दार मिटता मिटता कोपर मध्ये घालून तो आत शिरला. दोन्ही हातांत ट्रे, ट्रेमध्ये हिरवं बोर्ड, आणि चेहऱ्यावर काठोकाठ भरलेलं भांडं नेणाऱ्याचा भाव.

"जरा तिसरा दाबता का?"

तिने चौथा दाबला. तिचं लक्ष बटणांकडे नव्हतंच. ते बोर्डाकडे होतं... आणि खरं सांगायचं तर बोर्डाच्या जरा वर.

"हे तान्ह्या बाळांच्या ऊबपेटीचं बोर्ड ना?" तिने विचारलं. "याच्या पिनांची फाइल मी लिहिते."

"अच्छा, म्हणजे त्या तुम्हीच." तो हसला. "चौथ्या मजल्यावर काय काम काढलंत?"

"काही नाही."

"मलाही नाही."

मग दोघं बिनकामाचे चौथ्यावर गेले आणि तसेच खाली आले. तिथून सगळी सुरुवात झाली.

घरात ती धाकटी, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू. तिचं काम बाहेरच्याला सांगायला अवघड, पण आहे सोपं. बोर्डवरची चिप जागी होते तेव्हा तिला काहीच ठाऊक नसतं. पंखा कुठे, हीटर कुठे, ताप मोजणारा सेन्सर कुठे... सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. हा कंट्रोलर इथे, या पिना त्याच्या; ही पिन ऐकणारी, ही बोलणारी. फाइल लिहायची धाकटीने. बोर्ड बनवणाऱ्या त्या लिफ्टवाल्याने, म्हणजे बोर्डवाल्याने, ओळ न् ओळ नकाशाशी ताडून पाहायची. चूक दिसली तर शेरा लिहायचा, नाही दिसली तर नुसतं 'मंजूर'. त्याच्या मंजुरीशिवाय बोर्डाला वीज द्यायची नाही, असा त्या ऑफिसचा कडक नियम होता.

सुरुवातीला शेरे भरपूर यायचे. 'सातवी पिन पंख्याची, दिव्याची नाही. पंखा रुसेल.' धाकटी उत्तर लिहायची, 'समजूत काढली आहे.' तुम्हीचं तू झालं, दुपारची कॉफी एकाच टेबलावर यायला लागली. पण धाकटी पडली कामसू. तिच्या चुका घटल्या आणि शेरेही घटले. शेवटी दर फाइलीवर एकच कोरडा शब्द उरला, 'मंजूर'.

आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनवाली आली. पेटीवरच्या पडद्याची फाइल लिहायला नवी नेमलेली. उंच, गालावर खळी, आणि ती हसली की अख्ख्या मजल्याला बातमी लागायची. तिच्या पहिल्याच फाइलीवर बोर्डवाल्याचे सतरा शेरे. धाकटीने ते मोजले. मग पुन्हा मोजले, न जाणो सोळा असतील. सतराच होते. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ताई," घरी आल्या आल्या तिने विचारलं, "एखादा माणूस एखादीच्या फाइलवर सतरा शेरे का लिहील गं?"

ताई इस्त्री करत होती. "सतरा चुका असतील म्हणून."

"सतरा? आणि त्यावर परत दोघं तासभर एकाच खुर्चीपाशी."

"तुला जळायचंच असेल तर इस्त्री गरम आहे," ताई म्हणाली. "नाहीतर सरळ जाऊन त्याला विचार."

सरळ विचारेल ती धाकटी कसली. शुक्रवारी तिने जे केलं ते शहाणं माणूस करणार नाही. आपल्या स्वच्छ फाइलीत तिने हाताने तीन चुका पेरल्या. पंख्याची पिन बदलली, दिव्याची बदलली, आणि सेन्सरकडून ऐकणारी पिन बोलणारी करून टाकली. त्याला दिसतीलच, त्याला सगळं दिसतं... तीन तरी शेरे येतील. हावरटासारखी ती संध्याकाळभर वाट बघत बसली. आले दोन. 'बरी आहेस ना?' असं दुसऱ्याच्या शेवटी. एवढ्यावरच ती विरघळली. त्या दोन चुका सुधारून तिने फाइल परत पाठवली आणि शनिवार-रविवार ते तीन शब्द कुरवाळत काढले.

सोमवारी सकाळी तोंडात ब्रश असताना तिला आठवलं. तिसरी चूक.

ती चूक त्याने टिपलीच नव्हती. फाइलवर 'मंजूर' पडलं होतं. दहा वाजता बोर्डाला पहिल्यांदा वीज मिळणार, सेन्सर आणि चिप एकाच तारेवर एकमेकांवर वीज ढकलणार, आणि चिप जळणार. तसं बोर्ड एकच होतं. तीन आठवडे मान मोडून त्याने ते स्वतः जोडलं होतं. तिने फोन लावला. तो वाजत राहिला, कारण चाचणीच्या खोलीत फोन नेत नसत.

ती पोचली तेव्हा दहाला चार मिनिटं होती. त्याचं बोट स्विचवर आणि शेजारी, अर्थातच, स्क्रीनवाली.

"वीज देऊ नकोस."

"काय झालं?"

धापा टाकत तिने सांगितलं. सेन्सरची पिन, चुकीची दिशा. त्याने नकाशा ओढला, बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे मला दिसलं कसं नाही? आणि तू... तू अशी चूक कशी केलीस?"

पुढचं गिळता आलं असतं. नजरचूक म्हटली असती तर विषय मिटला असता. स्क्रीनवाली समोर उभी होती, धाकटीला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण बोर्ड त्याचं होतं.

"मुद्दाम केली," ती म्हणाली. "तीनही. हिच्या फाइलवर तू सतरा शेरे लिहितोस आणि माझ्या फाइलवर... एकही नाही. मला बघवेना."

पहिली बोलली ती स्क्रीनवाली.

"बाई गं, त्या सतरा शेऱ्यांपायी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटलं माझी नोकरी गेली. हवे तर सगळे घेऊन जा तू." आणि ती दार ओढून निघून गेली. जाताना हसली, म्हणजे मजल्याला कळलंच.

बोर्डवाल्याने स्विचची वायर काढून बाजूला ठेवली.

"तुझी फाइल मी तीन-तीनदा वाचतो," तो म्हणाला. "लिहायला काहीतरी सापडावं म्हणून. सापडायचंच नाही. शुक्रवारी दोन चुका दिसल्या आणि मला वाटलं तू आजारी आहेस, नाहीतर नोकरी सोडून चाललीस. त्यानंतरच्या ओळी मी वाचल्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं."

"माझं चुकलं."

"चुकलंच. मला राग आलाय. खूप आलाय."

तिने मान खाली घातली. पाणी डोळ्यांतून निघालंच.

"आणि मला तू आवडतेस," तो त्याच रागाच्या सुरात म्हणाला. "लिफ्टमधल्या त्या दिवसापासून. आज हे सांगायचं नव्हतं. रागात सांगायची ही गोष्ट नाही. पण आता... निघून गेलं तोंडातून."

तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि कुठलं आवरावं ते कळेना.

"मलाही तू आवडतोस," ती नाक पुसत म्हणाली. "तू रागावलेला असलास तरी."

"राग काही लगेच जायचा नाही."

"थांबते मी."

त्याने शेजारची खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. ती बसली. त्याने नकाशा दोघांच्या मध्ये ठेवला, आणि फुगलेल्या तोंडानेच तिचा हात हातात घेतला.