स्थिरभाकीत

नागपूरच्या जनमत प्रयोगशाळेत त्या दुपारी पेढे वाटले जात होते, आणि हेरंब टिळेकरला तो पेढा काही गिळवत नव्हता. त्याची सहकारी डॉ. कुमुद वानखडे हिने देशाच्या निवडणुकीचं भाकीत नुकतंच जाहीर केलं होतं: सत्ताधारी आघाडीला दोनशे एक्याण्णव जागा. मतदानाला अजून अवकाश होता. तरी तेवढ्यात शेअर बाजार वर चढला, विरोधकांचे चेहरे उतरले आणि संचालक सरवट्यांनी निकाल लागल्यासारखे पेढे मागवले.

सरवटे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. नव्यानेच आले होते, त्यामुळे भोळे प्रश्न विचारायची त्यांना अजून मुभा होती.

"आमचं एक बरं होतं," ते म्हणाले, "ढग वर्तमानपत्र वाचत नाहीत. तुमचे मतदार वाचतात. मग तुमची चाचणी वाचून ते बदलत नाहीत का?"

"बदलतात ना," कुमुद म्हणाली. "कुंपणावरचे जिंकणाऱ्याकडे उड्या मारतात. काहींना हरणाऱ्याची कीव येते. काही म्हणतात, आपला माणूस येतोच आहे, मग उन्हात रांग कशाला लावा. म्हणून साधी चाचणी छापली की तिथेच नासते. समजा, लग्नाला किती माणसं येतील ते आधी जाहीर करायचं आहे. गर्दी होणार म्हटलं की काही घाईनं येतात, काही येतच नाहीत. मग असा आकडा शोधायचा, की तो ऐकून बरोबर तेवढीच माणसं येतील. तेच स्थिरभाकीत."

हा आकडा शोधायला प्रयोगशाळेच्या संगणकात एक 'प्रतिदेश' वसवला होता. त्यात लाखो प्रतिमतदार होते. ते बातम्या ऐकत, भांडत, रुसत आणि शेवटी मत देत. त्यांना एक आकडा सांगायचा, निकाल पाहायचा, दुसरा सांगायचा, असं करत जो आकडा सांगितला तोच परत आला की काम फत्ते.

गेल्या दोन निवडणुकांत कुमुदचा आकडा जागेला जागा जुळला होता. हेरंब जुन्या पद्धतीनं घरोघर विचारून चाचण्या करी, आणि त्याचं भाकीत चाळीसेक जागांनी हुकलं होतं. त्याचं त्याला एवढं वाटलं नसतं, पण गेटावरचा चहावालासुद्धा त्यालाच विचारी, "मॅडमचा आकडा कधी येते जी, सर?" घरी बायको सुलभाही त्याची चाचणी बाजूला सारून म्हणे, कुमुद काय म्हणते ते आधी पाहू. सर्वांत खुपणारी गोष्ट तर वेगळीच होती. 'स्थिरभाकीत' हा शब्द हेरंबचा. विद्यार्थी असताना तर्रीपोहे खाता खाता तो सहज बोलून गेला होता. कुमुदनं तो उचलला आणि त्याच्याखाली गणित मांडलं. आता नाव तिचं झालं होतं. बारसं कोणी केलं ते कोण विचारतो?

पेढा रुमालात गुंडाळून हेरंब आपल्या खोलीत आला. प्रतिदेश सगळ्यांना खुला होता. त्यानं सहज, म्हणजे अजिबात सहज नव्हे, दोनशे एक्याण्णव हा आकडा त्यात घातला.

उत्तर आलं दोनशे अडुसष्ट.

त्यानं पुन्हा घातला. पुन्हा दोनशे अडुसष्ट. बहुमताला दोनशे बहात्तर लागतात. कारणही पडद्यावर स्वच्छ दिसत होतं: एक्याण्णव ऐकून सत्ताधाऱ्यांचे समर्थक निर्धास्त होऊन घरी बसत होते. म्हणजे कुमुदचा आकडा स्थिर नव्हताच. बाई चुकली होती, आणि चुकली ती सरकार पडण्याइतकी. हेरंबला इतका आनंद झाला की त्यानं रुमाल उलगडून तो पेढा खाल्ला.

आता रीत अशी, की समोरच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, कुमुद, हे एकदा बघ. हेरंब उठलाही. व्हरांड्यापर्यंत गेला. तिथे त्याला वाटलं, सांगितलं तर ती हसून आकडा दुरुस्त करील आणि पुन्हा तिचीच आरती होईल. तो परत फिरला आणि त्यानं वृत्तवाहिनीला फोन लावला.

गेल्या वर्षभरात कुमुदचा टीकाकार म्हणून त्याचं नाव झालं होतं, त्यामुळे वाहिनीनं त्याला लगेच बसवलं. त्यानं देशासमोर प्रतिदेश चालवून दाखवला. दोनशे अडुसष्ट, सरकार जाणार, असं ठणकावून सांगितलं. रान पेटलं. कुमुदनं मात्र खुलासा केला नाही आणि आकडाही बदलला नाही. तिच्या गप्प बसण्यालाही हेरंबनं कबुली मानलं.

निकालाच्या दिवशी तो नवा सदरा घालून वाहिनीवर बसला होता. शेवटची जागा लागली तेव्हा सूत्रधारानं त्याच्याकडे पाहणंच टाळलं. आकडा होता दोनशे एक्याण्णव.

तो तडक कुमुदच्या खोलीत गेला. तिनं त्याला बसायला सांगितलं.

"प्रतिदेश चुकला?" त्यानं विचारलं.

"नाही. नुसतं दोनशे एक्याण्णव सांगितलं तर अडुसष्टच येतात. तुझं गणित बरोबर होतं. पण लोकांनी नुसतं माझं ऐकलं नाही, तुझंही ऐकलं. सरकार जातंय म्हटल्यावर निर्धास्त लोक घाबरले आणि रांगेत उभे राहिले."

"ते तुला आधी कसं कळणार?"

कुमुद म्हणाली, "भाकीत ऐकून जे जे बदलणार ते सगळं धरायचं, हा नियम आहे ना? गेल्या दोन खेपांना तुझं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून तुला धरलं नाही. यंदा लोक तुझं ऐकू लागले. मग तुला बाहेर ठेवणं अप्रामाणिक झालं असतं. माझ्याकडे प्रतिदेशाची वेगळी प्रत आहे, तिच्यात एक माणूस जास्त आहे. तो आकडा तपासतो, खोट काढतो आणि वाहिनीवर जातो."

"तू मला गप्प ठेवणारा आकडा द्यायचा होतास."

"शोधला. एकूण एक आकडा घालून पाहिला, हेरंब. तू गप्प बसशील असा एकही निघाला नाही."

देशाचं सरकार आपल्या पोटदुखीनं तारलं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. त्यानं विचारलं, "आणि मी आधी तुझ्याकडे आलो असतो तर?"

"तर माझं भाकीत साफ कोसळलं असतं," कुमुद म्हणाली. "तू वाहिनीवर दिसेपर्यंत मी तुझी वाट पाहत होते. मला चुकायला आवडलं असतं."

हेरंबला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की माणसाचा मत्सर समीकरणात धरायचा, हे आपल्याला का सुचलं नाही?