तिसरी गाडी

"आमाले लाल बस नाई पाह्यजे, असं कॉम्प्युटर म्हंते," तानाबाई दारातूनच म्हणाल्या. "मी विनवाले नाई आली. खोटं कोणं सांगितलं, तेवढं शोधून द्या."

केळझरजवळच्या त्यांच्या गावची सकाळची एकुलती सरकारी बस सोमवारपासून बंद होणार होती. नात आचल सवलतीच्या पासावर तिनंच सेवाग्रामला नर्सिंग शिकायला जायची. व्हॅनचं भाडं रोज परवडणारं नव्हतं. बस गेली की शिक्षण संपलं.

वर्ध्याची खाजगी गुप्तहेर अंकिता उईके हिनं एसटी आगाराच्या पाहणीचा अहवाल उघडला. लाल बस, सदाशिवरावांची पिवळी व्हॅन आणि एक पांढरी व्हॅन, तिघींना तेहतीस-तेहतीस टक्के प्रवासी. चाळीसच्या खालची फेरी बंद, हा नियम. दोन्ही व्हॅनचं भाडं आणि वेळ मात्र तंतोतंत एक.

"लोकं पालटले, दुसरं काय," तिचे सहायक, निवृत्त हवालदार बबनराव म्हणाले.

पाहणी करणारा श्रावण घाईत होता. "दिवाळीत तीनशे जणांना कार्डं दाखवली. भाडं, वेळ, गाडी बघून निवडा म्हटलं. त्यावरून गणित लोकांचा कल सांगतं."

"आणि पांढरी?"

"ती होळीनंतर आली. मालकाचा अर्ज आला, मग गणितात घातली."

सदाशिवराव अंगणातच भेटले. "पांढरी माह्या साळ्याची. माही पिवळी, एकच."

"दिवाळीत दोन होत्या," तानाबाई म्हणाल्या.

अंकितानं तिथंच उभ्या पांढऱ्या व्हॅनचं दार उघडलं. दाराची आतली कड पिवळी होती.

दुसऱ्या दिवशी आगारात आगारप्रमुख साहेबांसमोर तिनं सगळ्यांना बोलावलं.

"यांनी आपल्या दोनपैकी एक पिवळी पांढरी रंगवून साळ्याच्या नावावर केली."

"पण रंगानं बसचे लोकं काऊन कमी होतीन?" बबनरावांनी विचारलं.

"दिवाळीत निम्म्यांनी लाल निवडली, निम्म्यांनी पिवळी. श्रावणचं गणित नवं नाव दिसलं की सगळ्यांकडून सारखेच प्रवासी काढून तिला देतं. पांढरीत बसणार ते पिवळीतलेच. पण गणितानं लालचेही उतरवून तिला पन्नासवरून तेहतीसवर आणलं, आणि पांढरीबद्दल एकाही माणसाला विचारलेलं नाही. श्रावणनं आळस केला, लबाडी सदाशिवरावांची."

सदाशिवराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"नवी पाहणी करू," साहेब म्हणाले. "तोवर फेरी बंद."

अंकिताला संताप आला, पण तानाबाई आधी बोलल्या.

"तवरी फेरी चालू राहीन. नाई त सोमवारी सारं गाव इथं येऊन बसते. मंग मोजा टक्के."

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बंदचा आदेश ओढून त्यावर 'रद्द' लिहिलं.