उन्हात राहिलेल्या बशा

जया प्रयोगशाळेत डोळे पुसत बसली होती, आणि नेमका तेव्हाच तो दारात आला. खांद्याला पिशवी, हातात टेस्टर.

"दिवा बिघडला म्हणे?"

एप्रिल १९७४. एम.एस्सी.चा प्रबंध द्यायला महिना उरलेला. काल तिनं जंतूंच्या दहा बशा अतिनील दिव्याखाली ठेवून मग काळ्या कापडानं झाकल्या होत्या. जंतू मरायला हवे होते. आज बघते तर बशा जिवंत जंतूंच्या ठिपक्यांनी भरलेल्या!

श्रीधर वायरमननं दिवा तपासला. "दिवा तं फस्टक्लास हाये." मग त्याची नजर बशांवर गेली, आणि चेहरा उतरला. "मॅडम... काल तुम्ही जेवाले गेल्या, तवा कूलर बसवाले जागा पाहिजे होती. बशांवरचं काळं कापड काढून मीच त्या खिडकीत ठेवल्या. तासभर... उन्हात."

"काहून हात लावला?" जया उसळली.

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक अरुंधतीबाई आत आल्या. "कुणी ठेवल्या?"

नोकरी कच्ची होती, तरी श्रीधर पुढे झाला. "मी."

बाई चक्क हसल्या. "जया, दिव्यानं जंतूंच्या डीएनएला इजा होते. पण त्यांच्यात एक विकर असतं, एन्झाइम. उजेड मिळाला की ते ती इजा दुरुस्त करतं. आता निम्म्या बशा मुद्दाम उन्हात ठेव. हाच तुझा प्रबंध!"

मग रोज दुपारी श्रीधर घड्याळ लावून मिनिटं मोजायला येऊ लागला.

"ते विकर दिसते कसं?"

"दिसत नाही."

"मंग हाये कशावरून?"

"काम दिसतं ना!"

"तुमचं बी तसंच," तो गालात हसला. "बोलत काही नाही... पण चहा दोन कप मागवता."

जयाचे कान तापले.

मे महिन्यात प्रबंध टाइप होऊन आला. श्रीधर पिशवीचा बंद आवळत म्हणाला, "आता मले इथं काम नाही."

"रविवारी घरी या. इंदोरा वस्तीत. बाबा असतात."

"काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं. नुसतं... या."

त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि तो निघून गेला. जयाला तो आठवडा खायला उठला.

रविवारी सकाळी दारात सायकलरिक्षा थांबली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला श्रीधर उतरला, आणि मागोमाग पेढ्यांचा पुडा सांभाळत त्याची आई, जिजाबाई.

"जया तूच ना वं?" त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "आठ दिवस झाले, हा धड जेवून नाही राहिला. हो म्हणून टाक बापा!"

जयानं बाबांकडे पाहिलं. ते हसत होते.

"हो," ती म्हणाली... रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल एवढ्यानं.