जे उस्तादांना ऐकू आलं नाही

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून हे लिहीत नाही. आमच्या घरात घडलंय, म्हणून लिहितोय.

साल १८६४. वैशाखातली भरदुपार. अकोल्यात सूर्यभान पाटलांच्या दिवाणखान्यात पन्नासेक माणसं बसली होती. त्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

एक माणूस सोडून.

माझे खापरपणजोबा बशीरमियाँ तिथे तबल्यावर होते. त्यांनी हे आपल्या मुलाला सांगितलं. तिथून ते माझ्यापर्यंत आलं.

आधी उस्तादांबद्दल सांगतो.

गयासुद्दीन उस्ताद स्वरमंडळ वाजवायचे. मांडीवर मावेल अशी लाकडी पेटी आणि तिच्यावर छत्तीस तारा. गवई ते नुसतं साथीला घेतात. उस्ताद त्यावर अख्खा राग उभा करायचे. त्यांचे वडील एलिचपूरच्या नवाबांकडे चाकरीला होते. नवाबी गेली, तसे उस्ताद अमरावतीला आले.

आणि नशीब बघा, तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली. विलायतेला कापूस मिळेना. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्यांच्या घरी कधी एकतारी वाजली नव्हती, त्यांच्याकडे मैफली झडू लागल्या. मोर्शी, चांदूर बाजार, बडनेरा, अकोला... सगळीकडून उस्तादांना बोलावणी.

ऐन त्याच दिवसांत एका तापात उस्तादांचे कान गेले.

पार गेले. समोरच्यानं सावकाश बोललं तर ओठांवरून कळायचं, तेवढंच.

हे दोघांनाच ठाऊक होतं. बशीरमियाँना आणि उस्तादांच्या लेकीला, नईमाला.

राग बोटांना पाठ होते. वाजवणं अडत नव्हतं. पण तारा कोण लावणार? उन्हानं, गारव्यानं तारा उतरतात.

नईमा लावायची. एकोणीस वर्षांची पोर. मैफलीआधी पडद्याआड बसायची. तोंड मिटून 'सा' गुणगुणायची. मग चावीनं एकेक खुंटी पिळायची. तार सुरात आली की हळूच म्हणायची, "हां."

लोक म्हणायचे, असं लागलेलं स्वरमंडळ दुसरीकडे ऐकलं नाही. उस्ताद मान लववायचे. पडद्यामागे नईमा तोंडावर ओढणी धरून हसायची.

त्या वर्षी चैत्रात अमरावतीत पटकीची साथ आली. नईमानं सकाळी पाणी भरलं. संध्याकाळी ती नव्हती.

शेवटी तिच्याजवळ उस्ताद एकटेच होते. बशीरमियाँ हकिमाला आणायला धावले होते. नईमा काहीतरी सांगत होती. उस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ सुकलेले, नीट हलतही नव्हते.

ती काय म्हणाली, ते त्यांना कळलंच नाही.

दफन करून आल्यावर त्यांनी स्वरमंडळ गवसणीत बांधून टाकलं.

महिन्याभरानं सूर्यभान पाटलांचा निरोप आला. उस्ताद नको म्हणाले. बशीरमियाँनीच गळ घातली. "तारा मी लावतो, उस्ताद. घरात बसून येडे व्हान तुमी."

नत्थुजी गाडीवानाच्या दमणीतून ते निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मूर्तिजापूरच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी सोडली. बशीरमियाँनी तारा लावायला गवसणी उघडली...

तारा लागलेल्या होत्या.

महिनाभर बंद. वरून गाडीचे धक्के. तरी छत्तीसच्या छत्तीस तारा अचूक.

बशीरमियाँनी मुद्दाम एक तार उतरवली आणि विहिरीवर पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा नत्थुजी हातात वैरणीची पेंढी घेऊन तसाच उभा होता.

"मियाँ, गाडीत बाई हाये काय कोनी?"

"नाही. काहून?"

"गुनगुनून राह्यली ना कोनीतरी..."

गाडीत उस्ताद झोपले होते. दुसरं कुणी नव्हतं.

उतरवलेली तार... पुन्हा सुरात होती.

बशीरमियाँनी उस्तादांना काही सांगितलं नाही.

अकोल्याला मैफल सुरू झाली. उस्ताद छान वाजवत होते. बाहेर ऊन रणरणत होतं. तासाभरानं उकाड्यानं एक तार उतरली आणि सूर कणसुरा झाला.

तेव्हा उस्तादांच्या पाठीमागून...

"सा..."

मिटल्या तोंडाचा, कोवळा आवाज.

खुंटी करकरली. तिला कुणाचा हात लागला नव्हता.

"हां."

बायकांच्या बाजूला बांबूच्या चिकाचा पडदा हलला. कुणीतरी कुजबुजलं, "पोरगी कुठी बसली हाये?"

सगळे उस्तादांच्या मागे बघत होते. उस्तादांनी वळून बघितलं. मागे नुसती भिंत.

"बशीर, काय पाहून राह्यले हे लोक?"

बशीरमियाँनी नुसते ओठ हलवले.

नईमा.

उस्तादांनी स्वरमंडळ उचललं आणि कानाला लावलं. मग दुसऱ्या कानाला. मग कपाळ टेकवलं.

"सगळ्यायले ऐकू येते," ते म्हणाले. "मलेच काहून नाही येत?"

सूर्यभान पाटील पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होते.

मग उस्तादांनी चावी घेतली आणि एकेक करत छत्तीस तारा उतरवल्या. स्वरमंडळ समोर ठेवून दोन्ही तळहात लाकडावर टेकले.

"लाव, बेटा."

आणि तिनं लावल्या.

दर "हां"ला बशीरमियाँ उस्तादांच्या खांद्यावर एक बोट टेकवत होते. उस्तादांचे डोळे मिटलेले. छत्तिसावं बोट टेकलं... त्यांनी डोळे उघडले आणि परत चावी हातात घेतली.

त्यानंतर गयासुद्दीन उस्तादांनी मैफल केली नाही. अमरावतीला घरी, रोज दुपारी, ते तारा उतरवायचे. ती लावायची. बशीरमियाँ खांद्यावर बोट टेकवायचे.

"आज काही बोलली?" ते रोज विचारायचे.

"नाही, उस्ताद. नुसतं हां."

पावसाळा गेला. हिवाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली. कापसाचा भाव कोसळला, मैफली थांबल्या. तरी दुपार काही चुकत नव्हती. बशीरमियाँची बायको आबेदा म्हणू लागली, "तुमच्या अंगाले कबरीचा वास येते."

एके दुपारी बशीरमियाँनी बोट टेकवलं नाही. ते उस्तादांच्या समोर येऊन बसले.

"उस्ताद, ती रडून राह्यली. थकली म्हनते. आता जाऊ द्या म्हनते."

उस्ताद किती तरी वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

"गेली त्या दिवशी बी हेच म्हनत होती काय?"

बशीरमियाँनी होय म्हणून मान हलवली.

उस्ताद उठले. सांडशी आणली. छत्तीस तारा स्वतःच्या हातानं तोडल्या. तुटलेल्या तारांनी बोटं कापली, तरी थांबले नाहीत. शेवटची तार तुटल्यावर लहान मुलासारखे रडले.

आता जे सांगतोय, ते बशीरमियाँनी मरतानाच सांगितलं.

नईमा त्या दिवशी रडत नव्हती. थकलीही नव्हती. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, उलट थोडा हसरा. थकले होते ते बशीरमियाँ. त्यांना फक्त तिथून सुटायचं होतं.

उस्ताद त्यानंतर चार वर्षं जगले. बशीरमियाँ दर जुम्म्याला नमाजनंतर त्यांना भेटायला जायचे. उस्ताद दर वेळी तेच विचारायचे.

"तिले आराम भेटला असन ना, बशीर?"

बशीरमियाँ होय म्हणून मान हलवायचे.

आणि त्याच वेळी उस्तादांच्या पाठीमागून...

ती गुणगुणत असायची.

चार वर्षं. दर जुम्म्याला.

मी एकदा अब्बांना विचारलं, "बशीरमियाँना तर तिचा आवाज यायचा. मग त्यांनी एकदा तरी तिला विचारलं का, तुले बापाले काय सांगायचं होतं म्हणून?"

अब्बा उठून बाहेर निघून गेले.